बोरीवलीची लिली कोणती?

मंडळी, या वीकेंडचा विषय जरा भांडखोर आहे. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर "तू बागेवर लिहिणार होतास ना रे?" असं कोणी म्हणायला नको. बागेवरच लिहितोय. पण बागेवरून भांडणार आहे.

मुद्दा थोडक्यात असा. बोरीवलीत ग्रिलमध्ये, गॅलरीत नाहीतर सोसायटीच्या मागच्या पट्ट्यात डेलिली लावणारे आपल्यातले बरेच जण झाड लावतच नाहीत, एका फोटोला ऑर्डर देतात. मग ते झाड मेलं की "माझा हातच वाईट आहे" म्हणून गप्प बसतात. आणि जिच्या शास्त्रीय नावात चक्क बोरीवली आहे, ती लिलीची नातेवाईक स्टेशनाबाहेर टोपलीत पडलेली असते, तेव्हा तिच्यापुढे उभं राहून आपण पाच रुपयांसाठी घासाघीस करतो.

या "आपण"मध्ये पहिला नंबर माझा. म्हणून सुरुवात स्वतःपासून.

तर झालं असं. २०२१ चा जून. घरून काम, रात्री अकरापर्यंत ओहायोच्या क्लायंटबरोबर कॉल, आणि दोन कॉलच्या मध्ये काहीतरी हिरवं बघावं म्हणून मी फुलझाडं बघत बसायचो. एका साइटवर निळ्याशार डेलिलीचा फोटो दिसला. 'चार बल्ब, आठशे रुपये. लावा आणि विसरा!' मी लावले. आणि खरंच विसरता आलं असतं तर बरं झालं असतं. दोन कुजले, एकातून काहीच आलं नाही, आणि चौथ्यातून पहिल्या मोठ्या पावसानंतर एक नाजूक गुलाबी फूल आलं. ती रेन लिली होती, जी कुठल्याही नर्सरीत वीस-तीस रुपयांत मिळते. :-)

त्यानंतर मी जे वाचायला सुरुवात केली ते आधी वाचायला हवं होतं. आपल्याकडे कुठलीही लायब्ररी वापरण्याआधी डॉक्युमेंटेशन वाचतात (निदान इंटरव्ह्यूमध्ये तसं सांगतात), पण झाड मात्र फोटो बघून घेतात. तर डॉक्युमेंटेशन असं आहे:

डेलिलीला बल्ब नसतोच. कांद्यासारखं काही पाठवलं असेल तर ती डेलिली नाही, विषय संपला. तिला जाडसर, मांसल मुळांचा झुपका असतो आणि वर पंख्यासारखी पसरलेली पानं. रोप विकतात ते हा पंखा मुळांसकट वेगळा करून. दुसरं म्हणजे, खरी निळी डेलिली जगात कोणी तयार केलेली नाही. पिवळी, केशरी, लाल, गुलाबी, जांभळी, पांढऱ्याच्या जवळ जाणारी, सगळ्या आहेत. निळी फक्त फोटो एडिटरमध्ये आहे. आणि तिसरं म्हणजे, ती लिलीही नाही. हेमेरोकॅलिस हे तिचं नाव लिनियसने १७५३ साली दिलं. ग्रीकमधून आलेल्या त्या शब्दाचा अर्थ 'एका दिवसाचं सौंदर्य'. एक फूल सकाळी उमलतं आणि रात्रीपर्यंत मिटतं. पण एकाच दांड्यावर पुष्कळ कळ्या असतात, म्हणून झाड काही आठवडे फुललेलं दिसतं. पूर्वी तिला लिलीच्या कुळात टाकायचे. आता वनस्पतिशास्त्रज्ञ तिला कोरफडीच्या कुळात ठेवतात. म्हणजे आठशे रुपये देऊन मी कोरफडीची चुलत बहीण मागवत होतो, आणि तीही आली नाही.

असो. २०२२ मध्ये शहाणा होऊन मी खरी रोपं आणली. 'स्टेला द ओरो', जगातली बहुधा सगळ्यात प्रसिद्ध डेलिली. अमेरिकेत वॉल्टर जाब्लोन्स्की नावाच्या माणसाने १९७५ साली ती आणली. बुटकी, सोनेरी पिवळी, पुन्हापुन्हा फुलणारी. तिला १९८५ साली तिथल्या डेलिलीवाल्यांचं सर्वोच्च समजलं जाणारं स्टाउट मेडल मिळालं. एवढा रिझ्युमे असलेला उमेदवार कोण नाकारेल? मी जूनमध्ये लावली, कारण आपल्याकडे सगळं जूनमध्येच लावतात. ऑगस्टपर्यंत तीनपैकी दोन रोपं मुळाशी कुजून हातात आली. तिसरं जगलं, पण पुढच्या वर्षी आणखी बारीक झालं, त्याच्या पुढच्या वर्षी त्याहून बारीक, आणि मग एक दिवस कुंडीत नुसतीच माती उरली. फूल एकही नाही.

का? तर या झाडाला झोप लागते.

हा माझ्या भांडणाचा गाभा आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो. डेलिलीचं मूळ घर चीन, कोरिया, जपान. पुढे विसाव्या शतकात न्यूयॉर्क बोटॅनिकल गार्डनमध्ये स्टाउट नावाच्या शास्त्रज्ञाने तिच्यावर आयुष्य घालवलं, आणि अमेरिकेत हजारो संकरित जाती तयार झाल्या. त्यांचे ढोबळ तीन प्रकार. काही हिवाळ्यात पूर्ण झोपतात, पानं वाळून जमिनीखाली जातात. काही अर्धवट झोपतात. काही वर्षभर हिरव्या राहतात. झोपणाऱ्या जातींना ती झोप चैन म्हणून नको असते. थंडीचे ते आठवडे मिळाले तरच त्या पुढच्या वर्षी जोमाने उठतात. स्टेला झोपणाऱ्यांपैकी आहे.

आता बोरीवलीचा हिवाळा आठवा. नॅशनल पार्कच्या बाजूला पहाटे जरा गारवा असतो, शाल काढायची की नाही यावर घरात चर्चा होते, आणि दहा वाजता पुन्हा पंखा. सांताक्रूझच्या वेधशाळेत १९६२ च्या जानेवारीत पारा ७.४ अंशांपर्यंत उतरला होता, तो आजही विक्रम म्हणून सांगतात. ओहायोत ७.४ अंश म्हणजे हिवाळ्यातला छान दिवस. पावसाचं तर बोलायलाच नको. ओहायोत वर्षाला साधारण हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बारा महिन्यांत वाटून. आपल्याकडे चार महिन्यांत दोन हजारांच्या वर. म्हणजे त्या बिचारीला हिवाळ्यात झोपू द्यायचं नाही आणि पावसाळ्यात पाण्यात उभं करायचं. वर पाटी लावायची, 'मेंटेनन्स फ्री'.

रात्री अकराच्या कॉलवर बसून मला तिच्याबद्दल फारच आपुलकी वाटायला लागली होती, हे कबूल करतो. मीही ओहायोच्या घड्याळावर बोरीवलीत जगत होतो. फरक इतकाच, की मला त्याचे पैसे मिळत होते.

'लावा आणि विसरा' हा सल्ला खोटा नाही. तो दुसऱ्या गावचा आहे. तिथल्या बागेत तो खरा ठरतो, म्हणून कोणीतरी लिहिला. कोणीतरी त्याचं भाषांतर केलं, कोणीतरी त्याचं रील केलं, आणि तो शिंपोलीच्या चौथ्या मजल्यावरच्या ग्रिलमध्ये येऊन पडला. मध्ये कोणीही, एकदाही, 'इथे चालेल का?' विचारलं नाही. आपल्या धंद्यात याला 'माझ्या मशीनवर तर चालतंय' म्हणतात, आणि असं म्हणणाऱ्याला आपण हसतो. बागेत मात्र त्यालाच एक्सपर्ट म्हणून फॉलो करतो.

मग इथे डेलिली लावूच नये का? लावा की. पण इथल्या अटींवर. मला चौथ्या वर्षी फूल आलं, तेव्हा जे कळलं ते लिहून ठेवतो.

वर्षभर हिरवी राहणारी जात मागा. विकणाऱ्याला 'एव्हरग्रीन आहे का?' असं स्पष्ट विचारा. त्याला प्रश्नच कळला नाही, तर दुकान बदला. लागवड जूनमध्ये नाही, पाऊस संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये करा, म्हणजे पुढच्या पावसाआधी मुळं धरतात. कुंडी किमान बारा इंची, खाली भोकं मोकळी, तळाशी विटांचे तुकडे. लाल मातीत वाळू आणि चांगलं कुजलेलं शेणखत मिसळा. नुसतं कोकोपीट पावसाळ्यात ओल्या स्पंजासारखं बसतं. पानं आणि मुळं जिथे जुळतात तो भाग मातीत इंचभरापेक्षा खोल जाऊ देऊ नका. खोल गेला की कुजलाच. ऊन रोज सहा तास तरी हवं. समोर टॉवर उभा राहिला असेल आणि दिवसाला दोन तासच ऊन येत असेल, तर पानं मस्त येतील, फुलं नाहीत, आणि त्यात खताचा दोष नाही. पावसाळ्यात कुंडी पागोळीखालून आत घ्या आणि दोन विटांवर उचलून ठेवा. पानांवर नारिंगी पावडर दिसली तर तो तांबेरा. ती पानं कापून कचऱ्यात टाका, कुंडीत नाही. सुकलेली फुलं रोज खुडा, आणि तीन-चार वर्षांनी झुपका दाटला की पंखे वेगळे करून वाटून टाका.

आणि घरात मांजर असेल तर हे झाड आणूच नका. डेलिली मांजरांसाठी विषारी आहे, किडन्या निकामी होतात. विकताना हे कोणी सांगत नाही. चीनमध्ये हिच्या वाळवलेल्या कळ्या सूपमध्ये घालतात, हेही खरं आहे, पण म्हणून नर्सरीतल्या शोभेच्या रोपाच्या कळ्या तोडून खाऊ नका. त्याच्यावर काय काय फवारलंय हे झाडालाच माहीत.

बघा, किती झालं! हे 'विसरा'वालं झाड आहे का? मला माझं पहिलं फूल मिळालं, एप्रिलच्या एका सकाळी, केशरी. संध्याकाळी ऑफिसातून येईपर्यंत ते मिटत आलं होतं. आनंद झालाच. खोटं कशाला बोलू.

आता त्या दुसऱ्या लिलीकडे येतो, जिच्यामुळे हा लेख लिहायला घेतला.

२०२३ चा जुलै. मी एका नर्सरीतून डेलिलीच्या शेवटच्या रोपासाठी परलाइटची पिशवी घेऊन येत होतो, अडीचशे रुपयांची. स्टेशनाच्या पश्चिमेला रानभाज्या घेऊन मावश्या बसतात ना, तिथे आईसाठी म्हणून थांबलो. फोडशीची जुडी वीस रुपये.

"पंधराला दे ना मावशी."

"पालघरकडनं आलेय दादा. पहाटे खुडलीय. बघ, दव पण हाय."

मी पंधराच दिले. तिने घेतले. एवढंच झालं.

घरी आई भाजी निवडत बसली. पातीच्या कांद्यासारखी लांब पानं, बुडाचा पांढरा, चरबट भाग काढून टाकायचा, मग बारीक चिरून कांदा आणि भिजवलेली मुगाची डाळ घालून परतायची. आईचं माहेर केळव्याचं, तिला हे शिकवायला लागत नाही. एका जुडीत चुकून फुलाचा तुरा आला होता. इवली, पांढरी, सहा पाकळ्यांची चांदणी. मी बघत राहिलो, कारण ते फूल माझ्या ओळखीचं होतं. माझ्या ऑफिसच्या डेस्कवर स्पायडर प्लँट आहे. तुमच्याही असेल, प्रत्येक आयटी ऑफिसात असतो, एचआरवाले वाटतात. त्याला अगदी हेच फूल येतं.

शोधलं तर कळलं, दोघं एकाच घराण्यातले. क्लोरोफायटम. डेस्कवरचा आफ्रिकेतून आलेला, टोपलीतला आपला. फोडशी, कुली अशा नावांनी या घराण्यातल्या एकाहून जास्त जातींची पानं विकली जातात. त्यातली एक म्हणजे सफेद मुसळी. तिचं शास्त्रीय नाव आहे क्लोरोफायटम बोरीविलिएनम.

बोरीविलिएनम! मी ते तीनदा वाचलं. फादर सांतापाव म्हणून एक स्पॅनिश जेझुइट होते, सेंट झेवियर्स कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे, पुढे बोटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडियाचे प्रमुख झाले, १९६७ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांनी आणि फर्नांडिस नावाच्या सहकाऱ्याने १९५० च्या दशकात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये या झाडाचं वर्णन छापलं आणि नावात आपलं बोरीवली घातलं. जगातल्या कुठल्याही हर्बेरियममध्ये जा, या झाडाच्या कागदावर आपल्या स्टेशनाचं नाव असणार. डेलिली आणि हे झाड, दोघंही पूर्वी लिलीच्याच कुळात होते. आता ही शतावरीच्या कुळात गेली, ती कोरफडीच्या.

माझी लाज कुठे आहे ते बघा. नसलेल्या निळ्या फुलासाठी आठशे रुपये मी एका क्लिकवर दिले होते, एका पैशाची घासाघीस न करता. आणि जिला माझ्या गावाचं नाव आहे, ती पहाटे खुडून गाडीच्या गर्दीतून आणणाऱ्या बाईचे पाच रुपये मी कापले. चर्चगेटच्या गाडीत सीट मिळाल्यासारखा खूशही झालो असेन त्या वेळी.

आता तुमच्यातले काही म्हणतील, आला हा 'देशी तेच चांगलं'वाला. अजिबात नाही. मिरची, बटाटा, टोमॅटो, बोगनवेल, सगळं बाहेरून आलंय, आणि मिरचीशिवाय मी एक दिवस जगणार नाही. पण मिरची इथे रुजली, कारण पिढ्यान्‌पिढ्या कोणीतरी ती इथल्या मातीत, इथल्या पावसात लावून बघितली, जगली ती ठेवली. परकं झाड लावणं हा गुन्हा नाही. ते कुठून आलं, कधी झोपतं, त्याला किती पाणी चालतं हे न विचारता लावणं, आणि मेलं की दुसरं मागवणं, याला मी बागकाम म्हणणार नाही. ते शॉपिंग आहे. माझी तीन वर्षं शॉपिंगच होती.

आणि देशी लावलं म्हणजे आपोआप जमतं असंही नाही. २०२४ च्या जूनमध्ये मी औषधी झाडांच्या नर्सरीतून सफेद मुसळीची पाच मुळं आणली. जुलैमध्ये तुरे आले, पांढरे, साधे, आईला फार आवडले. ऑक्टोबरमध्ये पानं पिवळी पडली, दिवाळीपर्यंत कुंडी रिकामी. मी नेहमीप्रमाणे हळहळलो आणि माती ओतायला निघालो.

आई म्हणाली, "अरे, राहू दे. झोपलंय ते. पाणी नको घालूस, कोपऱ्यात ठेव."

खरंच झोपलं होतं. डेलिलीला थंडीची झोप हवी, हिला कोरड्याची. दिवाळी ते जून. पुढच्या जूनमध्ये पहिल्या दोन सरींनंतर पाचांपैकी चार कोंब वर आले. चार वर्षं मी ज्या एका गोष्टीसाठी इंग्रजी लेख चाळत होतो, झाड कधी झोपतं, ती आईला केळव्यातल्या कुंपणाकडे बघून ठाऊक होती. तिला मी कधी विचारलंच नव्हतं. ती शेजारच्या खोलीत होती.

यात निव्वळ हळवेपणा नाही, एक खरा धोका आहे. सफेद मुसळीची मुळं शक्तिवर्धक म्हणून विकली जातात. रानातून मूळ खणून नेलं की ते झाड तिथे पुन्हा येत नाही. पान खुडलं तर येतं. म्हणजे खुडणारी मावशी पुढच्या वर्षीची भाजी राखते, आणि खणणारा ती संपवतो. लागवडीची मुळं मिळतात, ती घ्या. नॅशनल पार्कात खुरपं घेऊन जाऊ नका. तो गुन्हा आहे, १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली. आणि ओळख नसताना रानातली कुठलीही पानं स्वतः तोडून खाऊ नका. त्याच पावसात, त्याच कुंपणावर कळलावीही फुलते, दिसायला डेलिलीपेक्षा देखणी, आणि कंदापासून बीपर्यंत विषारी. ओळखणाऱ्याकडून विकत घ्या, तिच्या ओळखीचेच ते वीस रुपये आहेत.

तर माझं म्हणणं एवढंच. डेलिली लावायची तर खुशाल लावा, पण तिला विचारून लावा. बल्ब आणि निळा रंग विकणाऱ्याला एक रुपया देऊ नका. यंदाच्या पावसात स्टेशनाबाहेर फोडशी दिसली तर एक जुडी घ्या, सांगेल त्या भावात. घरी कोणी मोठं माणूस असेल तर भाजी निवडताना जवळ बसा. आणि ग्रिलमध्ये एका कुंडीची जागा बोरीविलिएनमला द्या. कुठल्या गावातल्या ग्रिलमध्ये त्या गावाच्या नावाचं झाड असतं?

त्या मावशीला मी पुढच्या पावसात शोधलं. सापडली नाही. दुसऱ्या एकीकडून घेतली, वीसचे वीस दिले. हिशोब बरोबर झाला असं काही वाटलं नाही.

असो. ओहायोचा कॉल आहे, पळतो. पुढच्या वीकेंडला भेटू.